गच्चीवरील पाचबोटी रोपाचे नियंत्रण

माणसाने जी वस्तू कधीच पाहिलेली नसते, ती ओळखायला त्याला सर्वांत कमी वेळ लागतो.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये, ओमानमधल्या अल् घुब्रातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर पुढील वस्तू होत्या: पाण्याच्या टाक्या चार, डिश अँटेना नऊ (चालू सहा), कपडे वाळत घालायच्या दोऱ्या अकरा, मोडकी खुर्ची एक, आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेले, हाताच्या पंज्यासारख्या पानांचे, कंबरेएवढे रोप एक.

रोप दुसऱ्या मजल्यावरच्या जयवंती बिराजदार यांचे. त्यांचे यजमान जनार्दनराव एसी दुरुस्त करत. मूळचे उदगीरकडचे. नऊ वर्षे इथे एकट्याने काढल्यावर त्यांना बायको-मुलीला आणता आले होते. येताना जयवंतीबाईंनी रुमालात बांधून मूठभर बिया आणल्या.

इमारतीची देखरेख अर्बाबांनी, म्हणजे आमच्या ओमानी घरमालकांनी, एकनाथ सबनीस यांच्याकडे सोपवली होती. सबनीस कुरुमला एका कंपनीत हिशेब तपासतात आणि बाकी वेळात आम्हाला. एका शुक्रवारी अँटेना फिरवायला ते वर गेले आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले. संध्याकाळी समिती स्थापन झाली. सदस्य सात. गांजाचे झाड प्रत्यक्ष पाहिलेले सदस्य: शून्य (जाहीर निवेदनानुसार).

पुरावा म्हणून सबनिसांच्या मुलाचा, स्वरूपचा, टी-शर्ट मागवण्यात आला. त्यावर ते सुप्रसिद्ध पान छापलेले होते. गच्चीवरचे पान छातीवरच्या पानाशेजारी धरण्यात आले. टी-शर्टवरच्या पानाला बोटे सात, रोपाच्या पानाला पाच. उरलेली दोन वयपरत्वे येतील, असे सर्वानुमते ठरले.

आरोपी पक्षाचे म्हणणेही ऐकून घेतले, कारण समिती न्यायी होती.

"भाऊ, अंबाडी हाय ती," जयवंतीबाई म्हणाल्या. "भाजी करतेत तिची. ज्वारीच्या कण्या टाकायच्या, वरून लसणाची फोडणी..."

"वहिनी, अंबाडी मी लहानपणापासून खातोय," सबनीस म्हणाले. "अंबाडी जुडीत असते."

मुद्दा नोंदवून घेतला गेला. समितीतल्या कोणीच अंबाडी मुळासकट पाहिलेली नव्हती. शिवाय ज्याच्यावर संशय आहे त्याचे म्हणणे पुरावा म्हणून धरले, तर संशयाला अर्थच उरत नाही.

तळमजल्यावर किराणा दुकान चालवणारे रत्नागिरीचे मुनीर परकार समितीत केवळ चहा त्यांच्याकडून येतो म्हणून होते. ते एवढेच म्हणाले, "सबनीस, लांबूनच ओळखलात! जुनी दोस्ती दिसते." हे विधान कामकाजातून वगळण्यात आले.

निर्णय असा झाला: डिसेंबरअखेर बिराजदारांनी जागा सोडावी. शेजारच्या अझैब्याला जागा होत्या, पण जनार्दनरावांच्या पगारात बसणारी एकही नव्हती. म्हणजे जागा सोडणे याचा अर्थ जनार्दनरावांनी पुन्हा सहा जणांच्या खोलीत जाणे आणि चौथीतल्या प्रियांकाने आईबरोबर उदगीरला. "माझा यात काही वैयक्तिक आकस नाही," असे सबनीस म्हणाले. खरोखरच नव्हता. त्यामुळे तर त्यांच्याशी भांडता येत नव्हते.

रोप उपटून टाकावे, असे कोणालाही सुचेल. समितीने याचा विचार केला. उपटलेले रोप ज्याच्या हातात असेल, त्याच्याच ताब्यात ते सापडले असे होते. कचराकुंडी रस्त्यापलीकडे आहे. सात सदस्यांपैकी रस्ता ओलांडायला तयार: शून्य. अर्बाबांना कळवावे, तर त्यांचा पहिला प्रश्न "तुम्हाला हे पान कसं ओळखता आलं?" असा असेल. तेव्हा रोपाला आहे तिथेच नियंत्रणात ठेवावे आणि कठड्याच्या वर ते दिसू देऊ नये, असे ठरले. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर असल्यामुळे वनस्पतीचे काम माझ्याकडे आले.

मी कठड्याची उंची मोजली आणि कात्रीने शेंडा छाटला.

आता, शेंडा असतो तोवर झाड वर जाते आणि खालचे डोळे झोपून राहतात. शेंडा गेला की ते जागे होतात. (हे मी नंतर वाचले.) पंधरवड्यात एका संशयास्पद शेंड्याचे दोन झाले. मी दोन्ही छाटले, चार झाले. समितीने माझ्या तत्परतेचे कौतुक केले आणि छाटणी वाढवण्यास सांगितले. ऑक्टोबरमध्ये शेंडे सोळा होते. रोप आता उंच नव्हते, पण दारातून आत येणाऱ्या म्हशीएवढे रुंद होते.

"आडवं वाढतंय. ही त्याची युक्ती आहे," सबनीस म्हणाले.

युक्तीला प्रत्युत्तर म्हणून मी सगळ्या फांद्या वाळवणाच्या दोरीने वाकवून विटांना बांधल्या. फांद्या आडव्या झाल्यावर प्रत्येक पेराला ऊन मिळू लागले आणि प्रत्येक पेरातून नवा कोंब उभा राहिला. जगात अन्यत्र गांजाचे पीक घेणारे लोक भरघोस कळ्या याव्यात म्हणून नेमके हेच करतात, असे पुढे माझ्या वाचनात आले. फरक इतकाच की त्यांना काय हवे आहे ते माहीत असते.

नोव्हेंबरमध्ये कळ्या आल्या. समितीची तातडीची बैठक झाली.

"कळ्या! कळ्याच तर ओढतात," सबनीस म्हणाले.

"लाल असतात?" मी विचारले.

"पिकल्यावर होत असतील."

जयवंतीबाई सामान बांधायला लागल्या होत्या. रोज संध्याकाळी त्या वर येत, डब्यात तांब्याभर पाणी ओतत आणि माझ्या दोऱ्यांकडे पाहून म्हणत, "बांधा बाबा, बांधा. हिला काय, तिला पाणी भेटलं की झालं." प्रियांका शाळेत सगळ्यांना सांगत होती, "वी आर शिफ्टिंग." कुठे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक टाकी गळू लागली, जनार्दनराव ती दुरुस्त करायला वर गेले आणि अर्बाब न सांगता आले. ते जिना चढताहेत हे कळताच समितीने गच्चीवर धाव घेतली, रोपासमोरच्या दोरीवर एक ओली चादर टाकली आणि चादरीसमोर ओळीने उभी राहिली. सात माणसे एका चादरीसमोर उभी असली की कोणीही चादर उचलून पाहील. अर्बाबांनी पाहिली.

"ये किसका है?"

सहा बोटे जनार्दनरावांकडे वळली. (सातवे मुनीरभाई, ते हसत होते.)

"मेरा है, अर्बाब," जनार्दनराव म्हणाले. त्यांनी हातातला पाना टाकीवर ठेवला.

अर्बाबांनी एक लाल बोंड तोडले, तोंडात टाकले आणि चावले. सबनिसांनी डोळे मिटले.

"करकदे!" अर्बाब म्हणाले. (अंबाडीच्या बोंडांचे हे अरबी नाव.) "माशाल्ला! मेरी माँ इसका शरबत बनाती है. अपने यहाँ इतना कभी नहीं आया. काटा किसने, बांधा किसने?"

"हमने, अर्बाब," सबनीस डोळे उघडून म्हणाले. "कमिटीने."

अर्बाबांनी समितीकडे आदराने पाहिले. मग जनार्दनरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम कहीं नहीं जाना. अगले साल मेरे घर भी लगाना, इन्शाल्ला."

बिराजदारांचे सामान सुटले. बोंडे निघाली चारशे एकतीस. जयवंतीबाईंनी चटणी केली आणि घरोघर वाटीभर पोचवली, सबनिसांकडे दोन वाट्या. सबनिसांनी ती चविष्ट असल्याचे सांगितले, आणि त्या दिवशी गाडी चालवली नाही.

हा वृत्तांत छापण्यापूर्वी मी बावीस सुशिक्षित वाचकांना दिला आणि शेवटी विचारले, जनार्दनरावांना शेजारी म्हणून घ्याल का?

हो म्हणाले: बावीस.

त्यानंतर आवाज खाली आणून "पण ती खरंच अंबाडीच होती ना?" असे विचारणारे: बावीस.