जोडणीचा प्रकार: इतर

जे यंत्र दुसऱ्या यंत्राला जोडलेलं नाही ते अस्तित्वातच नाही, हे आधुनिक प्रशासनाचं मूलतत्त्व आहे. ते कोणी शोधून काढलं याची नोंद सापडत नाही (नोंद ज्या संगणकात होती तो जोडलेला नसावा). बस महामंडळाच्या मुख्य कार्यालयाला हे तत्त्व एका सोमवारी सकाळी पटलं आणि दुपारच्या आत परिपत्रकही निघालं. प्रत्येक खात्याचा संगणक महिनाअखेरपर्यंत इंटरनेटला जोडावा. जो जोडला जाणार नाही तो भंगारात काढावा, त्यातल्या वस्तू बेवारस समजून त्यांची विल्हेवाट लावावी आणि तो चालवणाऱ्या कर्मचाऱ्याला तक्रार खिडकीवर बसवावं, असा एकंदरीत उदार आशय होता.

परिपत्रक फिरत फिरत हरवलेल्या वस्तूंच्या खात्यात पोचलं. हे खातं म्हणजे आगाराच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली, छतापर्यंत फडताळं आणि छत्रीकाकू. काकूंचं खरं नाव हजेरीपटात आहे, पण सत्तावीस वर्षं लोकांच्या छत्र्या लोकांना परत केल्यावर ते कोणाच्या लक्षात राहणार? खात्यातला शिल्लक साठा असा: छत्र्या दोन हजार एकशे चार, कवळ्या एकोणीस (वरच्या बारा, खालच्या सात), उजव्या पायाचे बूट छत्तीस, डाव्या पायाचा एक, आणि एक व्हायोलिन. व्हायोलिनचे मालक दर सहा महिन्यांनी येऊन ते सुखरूप आहे ना एवढं बघून जातात, घेऊन जात नाहीत (शेजाऱ्यांनी हात जोडलेत म्हणे).

या सगळ्याची नोंद एका छत्तीस वर्षांच्या संगणकात होती. काळा पडदा, हिरवी अक्षरं, सुरू करताना कपाट सरकवल्यासारखा आवाज. काकू त्याला आजोबा म्हणत. ‘काळी छत्री, लाकडी मूठ’ असं टाइप केलं की आजोबा नऊ सेकंदांत फडताळाचा नंबर सांगत. हाच त्यांचा मोठा दोष होता. एवढ्या वेगामुळे खात्यात कधी रांगच लागत नसे, आणि जिथे रांग नाही तिथे काम चालतं यावर वरिष्ठांनी तरी कसा विश्वास ठेवावा?

काकूंना तक्रार खिडकीची धास्ती नव्हती. घरात दोन नणंदा आणि एक मोठी जाऊ असलेल्या बाईला तक्रारींचं काय एवढं? वाईट वाटलं ते वस्तूंचं. आजोबा गेले की कुठली कवळी कोणाची, हे सांगणारं जगात कोणी उरणार नव्हतं. त्या दिवशी काकूंचा डबा न उघडता घरी गेला.

मुख्य कार्यालयाने एक इंजिनिअर धाडला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, स्वभावाने गरीब गृहस्थ. त्याने आजोबांच्या पाठीमागे डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही. तिथे जोडणीसाठी एकच भोक होतं आणि त्यात बसणारी वायर बनवणं जगाने सोडून दिलं होतं. वायर अखेर खात्यातच सापडली (फडताळ नऊ, कोणीतरी बसमध्ये विसरलेली). मग त्या वायरला एक डबी, डबीला थोडा कमी जुना संगणक, त्याला दुसरी डबी आणि दुसऱ्या डबीला इंटरनेट, अशी वरात चार दिवसांत उभी राहिली. पाचव्या दिवशी मुख्य कार्यालयाचं पान आजोबांच्या पडद्यावर उतरायला लागलं. अध्यक्षांच्या फोटोचं कपाळ यायलाच पावणेदोन तास लागले. भुवयांपर्यंत पोचल्यावर पान म्हणालं, सुरक्षिततेचा दाखला अजून लागू झालेला नाही.

“लागू कसा होईल,” इंजिनिअर घाम पुसत म्हणाला, “यांचं घड्याळ एकतीस वर्षं मागे आहे. यांच्या हिशेबाने माझं अजून लग्नसुद्धा झालेलं नाही.”

“मग दाखल्याची घाई कशाला करता?” काकू म्हणाल्या. “राहू दे की थोडे दिवस.”

घड्याळ पुढे करून पाहिलं, तर आजोबांनी सगळ्या वस्तू मुदतबाह्य ठरवायला घेतल्या. काकूंनी झडप घालून ते पुन्हा मागे केलं. अशा रीतीने महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला.

जोडणीच्या चाचणीसाठी मुख्य कार्यालयाने खात्याला एक नवा टॅबलेट दिला होता. त्यावर बरोबर अकरा वाजता एक प्रश्न येणार आणि आजोबांनी पाच मिनिटांत उत्तर धाडायचं, नाहीतर भंगारवाल्याचा टेम्पो बाराला दारात. अकरा वाजले. टॅबलेटवर प्रश्न उमटला: ‘निळी छत्री, मूठ तुटलेली.’ इंजिनिअर डोकं धरून बसला. काकूंनी सवयीने चष्मा सावरला, प्रश्न वाचला, चाकाची खुर्ची आजोबांकडे ढकलली, टाइप केलं, उत्तर वाचलं, खुर्ची परत टॅबलेटकडे आणली आणि ‘फडताळ चौदा’ असं त्यावर टाकलं.

पडद्यावर हिरवी बरोबरची खूण आली. जोडणी यशस्वी.

“काकू, हे असं चालतं?” इंजिनिअरने हळूच विचारलं.

“चाललं की.”

टेम्पो रिकामा परत गेला. फॉर्मवर ‘जोडणीचा प्रकार’ या रकान्यात तारेने, बिनतारी आणि इतर असे तीन पर्याय होते. इंजिनिअरने प्रामाणिकपणे ‘इतर’वर खूण केली.

पहिल्या तिमाहीचे आकडे पाहून मुख्य कार्यालय भारावून गेलं. सरासरी उत्तर एक्केचाळीस सेकंदांत (यातले एकोणीस सेकंद खुर्चीचे, तिचं एक चाक अडतं). व्हायरसचा शिरकाव शून्य (काकूंना दोनदा सर्दी झाली, पण कामात खंड नाही). नियोजित देखभाल रोज एक ते दीड, त्या वेळेत डबा आणि बडीशेप. शिवाय ही एकच यंत्रणा अशी निघाली, की जी अधूनमधून ‘आत्ता मिळाली हो तुमची छत्री, बरं वाटलं’ असं आपणहून कळवत असे. हे तंत्रज्ञान प्रत्येक आगारात बसवायचं ठरलं. ते बघायला मुख्य कार्यालयातून निरीक्षकबाई निघाल्या.

निरीक्षकबाईंची नजर भलती तीक्ष्ण. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि एक प्रश्न येऊन जाईपर्यंत सगळं त्यांच्या लक्षात आलं.

“म्हणजे मधली तार तुम्ही?”

“हो,” काकू म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. एकोणीस कवळ्यांकडे मात्र त्यांनी एकदा बघून घेतलं.

“हे मला कळवावं लागेल.” निरीक्षकबाईंनी आपला टॅबलेट उघडला. अहवालाचं पान म्हणालं, तुमच्या मोबाइलवर सहा आकडे पाठवले आहेत, ते इथे भरा. बाईंनी पर्समधून मोबाइल काढला, चष्मा काढला, आकडे पुटपुटत टॅबलेटवर भरले. मुदत संपली. पुन्हा आकडे आले, या वेळी बोट घसरलं. तिसऱ्या खेपेला काकूच पुढे झाल्या.

“आणा इकडे तो मोबाइल, मी वाचते, तुम्ही टाका. चार, शून्य, सात…”

आकडे बसले, पान उघडलं. काकूंनी मोबाइल परत दिला आणि अगदी साध्या चौकशीच्या स्वरात विचारलं, “बाई, तुमच्या या दोन यंत्रांची जोडणी कुठल्या प्रकारची हो?”

निरीक्षकबाईंनी एकदा मोबाइलकडे आणि एकदा टॅबलेटकडे बघितलं. मग त्यांनी लिहिलं: ‘जोडणी सर्वत्र प्रचलित असलेल्या पद्धतीचीच आहे. आक्षेप नाही. खुर्चीचं चाक बदलून द्यावं.’ आणि त्या गेल्या. त्यांची छत्री खात्यातच राहिली, काकूंनी ती तेवढ्यात आजोबांच्या कानावर घातली.

हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर खुशाल हसा. फक्त मधल्या वेळात तुमच्या मोबाइलवर सहा आकडे येऊन पडले असतील, ते आधी दुसऱ्या पडद्यावर टाकून या, मुदत संपेल. छत्रीकाकू दिवसभर तेच करतात. फरक एवढाच, की त्यांना त्या कामाचा पगार मिळतो.