राम घाटावर अडलेला सुपरचार्जर

"पूजा झाल्याशिवाय ही गाडी कुठं जाणार नाही," अनसूयाबाईंनी शनिवारी सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता सांगून टाकलं.

प्रभाकर पुराणिकांनी पाना खाली ठेवला. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं मुलांना इंजिन शिकवलेला माणूस, आणि त्याला घरात हे ऐकावं लागत होतं!

"अगं, ही काय नवीन स्कूटर आहे? चाळीस वर्षं जुनी गाडी आहे!"

"म्हणूनच तर. जुन्याला जास्त लागते पूजा. तुम्ही भी ना, ऐकतच नाही कुणाचं."

गाडी लाल रंगाची, दोन माणसांची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार होती. जवळच्या एका जहागीरदारांनी ती प्रभाकररावांच्या वडिलांना नोकरीतून निवृत्त होताना भेट दिली होती. वडील त्यांच्याकडे मोटारींचे मुख्य मिस्त्री होते. वडिलांच्या मागे ती वीस वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली आणि मग सहा वर्षं माधव नगरातल्या घराच्या अंगणात तुकड्यातुकड्यांनी पसरली. तुळशीकडे जायला वाट राहिली नव्हती. प्रभाकररावांनी इंजिन उतरवलं, बांधलं, पुढच्या चाकांना नव्या पद्धतीचे ब्रेक बसवले, सीटला पट्टे लावले, रेडिएटर मोठा केला. पण त्यांचा जीव होता तो सुपरचार्जरवर. इंजिनाच्या कडेला बसून, रबरी पट्ट्यावर फिरत, त्याच्या आत जबरदस्तीने हवा कोंबणारा तो पंप. त्याची पाती एकमेकांना खेटून फिरत आणि मधे केसाएवढीच फट राही. हवा अजून मोकळी यावी म्हणून त्यांनी कार्बोरेटरच्या तोंडावरची जाळीसुद्धा काढून टाकली होती.

आणि आता, पंच्याण्णव साली, इंदूरच्या एका मोटर क्लबाने देवास रोडवरची हवाईपट्टी एका दिवसासाठी मिळवली होती. रविवारी ट्रॅक डे. ज्याने त्याने आपली गाडी आणायची, ड्रम लावून आखलेल्या वाटेवर तीन चकरा मारायच्या, घड्याळ लावून. अशी संधी पुन्हा येईल की नाही कुणी सांगावं? पुढच्या वर्षी प्रभाकरराव रिटायर होणार होते. गल्लीतल्या लोकांनी सहा वर्षं "पुराणिक सर, कधी चालणार?" असं विचारून त्यांचं रक्त आटवलं होतं.

"ठीक आहे. पाच मिनिटं. फक्त पाच," ते म्हणाले.

नदीकाठी, राम घाटाजवळ पूजा सांगणाऱ्या प्रकाश गुरूंनी गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि म्हणाले, "बोनट खोलिए सर, इंजन की भी पूजा होगी।"

"त्याची काही गरज नाही."

"खोला हो," अनसूयाबाई म्हणाल्या.

बोनट उघडलं. प्रभाकरराव इंजिन बंद करायला वळले, तर गुरूंनी हात वर केला. "चालू रखिए! चलती हुई गाड़ी की पूजा का फल अलग है।"

त्यांनी मंत्र म्हटला आणि मूठभर अक्षता इंजिनावर उधळल्या.

एरवी त्या अक्षता इंजिनावर पडल्या असत्या आणि तिथंच राहिल्या असत्या. पण कार्बोरेटरला जाळी नव्हती, आणि सुपरचार्जर समोर येईल ते ओढून घेत होता. त्यानं हवा ओढली, तांदूळही ओढले. आतून दाढेखाली खडा यावा तसा आवाज झाला. पाती अडकली, पट्टा जागच्या जागी घासला, त्यातून धूर निघाला आणि तो फट्कन तुटला. इंजिन बंद पडलं.

"तांदूळ!" प्रभाकरराव ओरडले. "माझ्या सुपरचार्जरमध्ये तांदूळ! सहा वर्षं मी धुळीचा कण आत जाऊ दिला नाही, आणि तुम्ही पुलाव टाकलात!"

प्रकाश गुरू जरासुद्धा डगमगले नाहीत. "सर, अच्छा हुआ। जो विघ्न रास्ते में आने वाला था, यहीं आ गया।"

"आने वाला नहीं था! आपने डाला है!"

अनसूयाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत तुटलेल्या पट्ट्याकडे बघत राहिल्या.

गाडी ओढून न्यायला मिळाला तो सवाऱ्या वाहणारा एक काळा तीनचाकी टेम्पो. प्रभाकररावांनी स्वतः दोर बांधला आणि ड्रायव्हरला बजावलं, "सीधा माधव नगर। बीच में कहीं रुकना नहीं।"

"बिल्कुल भिया, सीधा," ड्रायव्हर म्हणाला आणि गोपाल मंदिरापाशी थांबला. चार सवाऱ्या चढल्या. पुढच्या वळणावर थांबला. दोन उतरल्या, तीन चढल्या.

"ओ भाई! सवारी क्यों बैठा रहे हो?"

"भिया, टेम्पो है, सवारी तो बैठेगीच। आप आराम से बैठे हो ना?"

तेवढ्यात गाठोडी घेतलेल्या दोन म्हाताऱ्या, टेम्पोत जागा नाही असं पाहून मागे आल्या आणि स्पोर्ट्स कारच्या शेपटीवर चढून बसल्या. एकीने पाय दोन्ही सीटांच्या मधे सोडले.

"उतरिए! अरे, ये रेसिंग कार है!"

"तो बेटा, इतनी धीरे क्यों चल री है?" म्हातारीने विचारलं.

प्रभाकररावांनी पुढच्या दोरावर नजर खिळवून स्टिअरिंग धरून ठेवलं. फ्रीगंजचा अख्खा बाजार रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होता. आणि कुणीतरी विचारलंच, "सर, चल गई क्या?"

घरी आल्यावर त्यांनी सुपरचार्जर उतरवला, व्हरांड्यात सतरंजीवर उघडला आणि चिमट्याने एकेक दाणा वेचायला बसले. पाती वाचली होती, नुसते ओरखडे उठले होते. पण पट्ट्याचं काय? हा पट्टा परदेशातून यायला चार महिने लागले होते. खुला बाजार, खुला बाजार म्हणून पेपरवाले रोज नाचत होते. त्या खुल्या बाजारात उद्या सकाळपर्यंत पट्टा कोण देणार होतं?

"संपलं," ते म्हणाले. "झाली तुझी पूजा."

अनसूयाबाईंनी तुटलेला पट्टा उचलला, पिशवीत टाकला आणि बाहेर गेल्या. अर्ध्या तासाने परत आल्या तेव्हा पिशवीत दोन पट्टे होते.

"हा चक्कीवाल्याकडून आणला. आपण गहू देतो ना, त्याच्याकडून. जोडून पाहिला, लांबी बराबर आहे."

"पिठाच्या गिरणीचा?" प्रभाकरराव उभेच राहिले. "अगं, मिनिटाला सहा हजार फेरे! ही इंजिनिअरिंगची गोष्ट आहे, गव्हाची नाही!"

"लावून तर बघा."

त्यांनी लावला. चुकीचा आहे हे दाखवून देण्यापुरताच लावला. पट्टा पुलीच्या खाचेत असा बसला की जणू तिथंच जन्मला होता. इंजिन सुरू केलं. सुपरचार्जरने पहिल्यासारखी बारीक, चढत जाणारी शीळ घातली. प्रभाकररावांना एवढा संताप आला की संध्याकाळी ते जेवले नाहीत. चार महिने! चार महिने त्यांनी पोस्टमनची वाट पाहिली होती, आणि पट्टा चौकात होता.

रविवारी हवाईपट्टीवर इंदूरच्या पोरांच्या नव्या चकचकीत गाड्या ओळीने उभ्या होत्या. तपासणीला रुचिर नावाचा क्लबचा तरुण होता. त्यानं ब्रेक पाहिले, सीटचे पट्टे पाहिले, आग विझवायचं नळकांडं पाहिलं आणि हात जोडले. "अंकल, काय काम केलंय! अख्ख्या मैदानात अशी गाडी नाही. फक्त लायसन्स दाखवून द्या."

प्रभाकररावांनी लायसन्स दिलं. रुचिरने पान उलटलं, पुन्हा उलटलं.

"अंकल, हे मार्चमध्येच संपलंय."

"मार्चमध्ये माझी गाडी तुकड्यांत होती! तुकडे चालवायला लायसन्स लागतं का?"

"मी समजू शकतो, पण नियम..."

"तू जन्मला नव्हतास तेव्हापासून गाडी चालवतोय मी! ज्याला क्लच कुठं असतो माहीत नाही त्याला तुम्ही सोडणार, आणि मला नाही?"

रुचिर खाली मान घालून उभा राहिला, पण सरकला नाही. "सहा वर्षं रे," प्रभाकरराव म्हणाले आणि तोंड फिरवून चष्मा पुसायला लागले.

मागून अनसूयाबाई पुढे आल्या. त्यांनी पर्समधून एक छोटं पुस्तक काढलं. "हे चालेल का?"

प्रभाकरराव बघतच राहिले. "तू? तू केव्हा शिकलीस?"

"दोन वर्षं झाली. बँकेतल्या आम्ही चौघींनी मिळून क्लास लावला होता. तुम्हाला सांगितलं होतं मी. तुम्ही गाडीखाली होतात, हूं म्हणालात."

पंधरा मिनिटांनी अनसूयाबाई हेल्मेट घालून स्टिअरिंगमागे बसल्या होत्या, साडीचा काष्टा खोचून. शेजारी प्रभाकरराव बसले होते आणि त्यांचा उजवा पाय सारखा रिकाम्या जागेत दाबला जात होता.

"ब्रेक! अगं ब्रेक!"

"तुमच्याकडे नाहीये ब्रेक. पाय उचला."

पहिली चक्कर त्यांनी सांभाळून घेतली. दुसरीत सरळ पट्टी आली, त्यांनी पाय पूर्ण दाबला, शीळ चढत चढत डोक्याच्या वर गेली आणि हवाईपट्टी अंगावर यायला लागली. प्रभाकररावांनी तोंड उघडलं, पण वाऱ्याने शब्द आतच कोंबले. तिसऱ्या चकरेत अनसूयाबाईंनी एकही ड्रम न पाडता सगळी वळणं घेतली. जुन्या गाड्यांमध्ये त्यांचीच वेळ सगळ्यांत कमी निघाली. प्रमाणपत्रावर नाव आलं, 'सौ. अनसूया पुराणिक'. त्याखाली रुचिरने दयेपोटी लिहिलं होतं, 'सोबत श्री. पुराणिक'.

"सोबत!" देवास रोडने घरी येताना प्रभाकरराव म्हणाले. "मी काय टिफिन आहे? इंजिन कोणी बांधलं? उद्या सकाळी पहिलं काम लायसन्सचं!"

"करा ना," अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी हलकेच गिअर बदलला आणि एक बस मागे टाकली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "अहो, याच्यात अजून हवा कोंबता येते का?"

"कशाला?"

"सरळ पट्टीवर शेवटी शेवटी कमी पडत होती."

प्रभाकररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. कमी पडत होती हे त्यांनाही जाणवलं होतं. त्यांनी खिशातली पेन्सिल चाचपली.

सोमवारी ते तणतणत परिवहन कार्यालयात गेले आणि लायसन्सच्या नूतनीकरणाचा फॉर्म घेऊन आले. संध्याकाळी अनसूयाबाई बँकेतून परतल्या तेव्हा फॉर्म टेबलावर पडला होता. पुढची बाजू कोरी होती, नावसुद्धा लिहिलेलं नव्हतं. मागच्या बाजूवर पेन्सिलीने, मापांसकट, सुपरचार्जर अजून वेगाने फिरवणाऱ्या लहान पुलीचा नकाशा काढलेला होता.