रिकाम्या गाडीचा रस्ता

बायकोने माझी खुर्ची जागची हलवली नसती, तर मी या वयात सायकल घेऊन जंगलात कशाला तडफडलो असतो? सांगा तुम्हीच.

झालं असं, की लेकीच्या घराचं छत गळायला लागलं, म्हणून ते दुरुस्त होईपर्यंत लेक आणि जावई आमच्याकडे राहायला आले. येऊ देत. लेक आमचीच, आणि जावईही आता आमचेच म्हणायचे (नाही म्हणून सांगता कुणाला?). पण त्यांच्याबरोबर त्यांची सायकल आली. साधीसुधी नव्हे, डोंगर चढणारी. तिला इतके गिअर, की तेवढे माझ्या ट्रकलाही नव्हते. अशी सायकल म्हणे बाहेर ठेवायची नसते. (का? सर्दी होते?) झालं! बैठकीतल्या खिडकीपाशी माझी खुर्ची होती, ती हिने उचलली आणि न्हाणीघराबाहेर, वॉशिंग मशीनच्या शेजारी नेऊन ठेवली. खिडकीत सायकल उभी राहिली. रस्त्याने जाणारे लोक आता तिलाच हात करू लागले.

"अगं, जन्मभर लाकडाचा ट्रक चालवला तो म्हातारपणी त्या खिडकीत बसायला!" मी ओरडलो.

"मग इथे बसा की. मशीन थांबलं की हाक मारा. तेवढाच तुमचा उपयोग."

घ्या! घरचा मालक, आणि काम काय, तर मशीनची राखण.

त्यात रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मोहिमेची बैठक भरायची. आमचे जावई, त्यांचा एक मित्र दातांचा डॉक्टर आणि दुसरा विमा एजंट. तिघांना जंगलातल्या जुन्या रस्त्यांनी सायकलवरून वरच्या डेपोपर्यंत जायचं होतं. डेपो म्हणजे जिथे आम्ही तोडलेले ओंडके ट्रकमध्ये भरायचो ती जागा. तोड बंद होऊन जमाना झाला, पण रस्ते आहेत. हे तिघे लॅपटॉपवर चढ-उताराचा आलेख बघायचे. दातांचा डॉक्टर तर त्या आलेखात अशी मान घालून बसायचा, जणू कुठली दाढ किडलीय ते शोधतोय. पण सॉ मिलच्या पुढे त्यांचा नकाशा नुसता हिरवागार. रस्ता म्हणून दिसेल तर शपथ!

आणि मी, त्या रस्त्यांवर ज्याची तरणी हाडं खिळखिळी झाली तो मी, पाच पावलांवर मोज्यांची राखण करत बसलेला! तिथलं प्रत्येक वळण मला नावानिशी ठाऊक आहे. (नावं आम्हीच ठेवलेली. बायकांसमोर घेता येत नाहीत.)

"बाबांना विचारा ना," लेक म्हणाली.

जावई हळूच म्हणाले, "बाबांनी तो रस्ता ट्रकमधून पाहिलाय गं. सायकलचं गणित वेगळं असतं." पण मशीन नेमकं त्याच क्षणी थांबलं आणि वाक्य सगळ्या घराला ऐकू आलं.

गणित! ज्या गणितापायी मी शाळा सोडली, तेच आता जावयाच्या तोंडून माझ्या घरात घुसलं होतं. मी उठलो आणि टेबलावर हात आपटला.

"जावईबापू, वर जायला दोन रस्ते आहेत. दोन्ही अरुंद. समोरासमोर गाड्या आल्या की एक दरीत. म्हणून रिकाम्या गाड्या एका रस्त्याने वर जायच्या आणि भरलेल्या दुसऱ्याने खाली यायच्या. तुम्हाला चॅलेंज पाहिजे ना? मग भरल्या गाडीच्या रस्त्याने चढून दाखवा!"

आता तुम्हाला म्हणून सांगतो, यात माझा डाव होता. भरल्या गाडीच्या रस्त्याची आठवण आली तरी अजून माझे तळहात घामेजतात. पाठीवर ओंडक्यांचा ढीग, ब्रेकचा जळका वास, संपता संपत नाही असा रस्ता. आणि रिकाम्या गाडीचा? आखूड, गार सावलीचा. मी शीळ घालत वर जायचो. म्हटलं, या तिघांची चांगली जिरवू, आणि आपण दुसरीकडून आधी पोचून दात काढत बसू.

"मी येतो रिकाम्या रस्त्याने. माझ्या सायकलवर," मी म्हणालो. "मी आधी पोचलो, तर तुमची सायकल खिडकीतून बाहेर आणि माझी खुर्ची आत. नाही पोचलो, तर खुर्ची कायमची मशीनपाशी!"

"बाबा, वयाचा तरी विचार करा."

"वय तुमच्या सायकलीचं काढा!"

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "जाऊ द्या हो त्यांना. हौस आहे तर फिटू दे."

मला भरून आलं. माझ्यावर विश्वास असलेलं एक तरी माणूस घरात होतं. (इतका संसार करूनही नवरा कसा भाबडा राहतो बघा.) हिने लगेच आपल्या भावाला फोन लावला. हा माझा मेहुणा त्या काळी माझ्याच ट्रकवर क्लीनर होता. फोनवर तो इतका हसला, की मला मशीनपाशी ऐकू आलं. वाटलं, आनंद झाला असेल बिचाऱ्याला.

रविवारी सकाळी सॉ मिलपाशी आमचे रस्ते वेगळे झाले. तिघांनी हेल्मेट चढवली. मी माझ्या काळ्या सायकलची घंटी वाजवली आणि निघालो.

पहिल्या वळणाला मी खाली उतरलो. दुसऱ्या वळणाला सायकल ढकलू लागलो. तिसऱ्या वळणाला सायकलच मला ढकलू लागली, आणि तीही मागे! रस्ता नव्हताच तो, भिंत होती भिंत. मी तिथल्या तिथे ओळखलं: मधल्या काळात कुणीतरी हा डोंगर उंच केला आहे. ना नोटीस, ना काही! मी एका दगडावर बसलो आणि जो आठवेल त्याला शिव्या घातल्या.

तेवढ्यात खालून मेहुण्याची जीप आली.

"काय दाजी? शीळ का बंद?"

"अरे, रस्ता बदललाय हा!"

"रस्ता तोच आहे. तेव्हा चढत होतं इंजिन. आणि प्रत्येक वळणाला गाडी मागे घसरायची, तेव्हा उडी मारून चाकामागे ठोकळा लावत होतो मी. तुम्ही आत बसून शीळ घालत होता."

"आणि भरल्या गाडीचा रस्ता?"

"तो मुद्दाम लांबून, अगदी हळूहळू चढत नेलेला. नाहीतर भरलेल्या गाड्या उतरल्या असत्या का? ताईला सगळं माहीत आहे की. घरी गेलो की पायांना तेल तीच चोळायची माझ्या."

म्हणजे हिला माहीत होतं! हौस फिटू दे म्हणे!

मी आवाज खाली आणला. "हे बघ, मला जीपमध्ये घे आणि डेपोच्या अलीकडे गुपचूप सोड. पुढे मी ऐटीत सायकलवर जातो."

"सोडतो की," तो म्हणाला, आणि हॉर्न वाजवत थेट डेपोच्या मधोमध नेऊन उभा केला. मी पुढच्या सीटवर, मांडीवर सायकलचं पुढचं चाक. ते तिघे कधीचे येऊन केळी खात बसले होते. दातांच्या डॉक्टरने टाळ्या वाजवल्या. विमा एजंट माझ्याकडे फार बारकाईने बघत होता.

जावई धावत आले. "बाबा, काय सुंदर रस्ता सांगितलात! चढ जाणवलाच नाही. फक्त पुढच्या वेळी जरा चॅलेंजिंग सांगा."

आता मी मशीनपाशी आहे. मांड्या लाकडासारख्या झाल्यात, उठायचीही सोय नाही. न्हाणीघराकडे फरशीला उतार आहे, त्यामुळे कपडे पिळताना मशीन थरथरलं की खुर्ची माझ्यासकट दाराकडे घसरत जाते. काल मी पार दारात पोचलो, तेव्हा कुठे हिला दया आली. तिने मेहुण्याला सांगून त्याचा जुना ठोकळा मागवला आणि खुर्चीच्या पायामागे घट्ट बसवला.

"आता घाला शीळ," म्हणाली.