बुंध्याला घातलेलं गाऱ्हाणं

"एवढासा बुंधा काढायला माणूस कशाला बोलवायचा? मी काय मेलोय?"

दसऱ्याच्या सकाळी मी छाती काढून बायकोला, रुचिराला, हे ऐकवलं. मुलुंडच्या आमच्या बैठ्या चाळीत कडेची खोली आमची, म्हणून पुढचं अंगणही आमचं. तिथलं जांभळाचं झाड वादळात पडलं. खोड गेलं, बुंधा राहिला, तोही नेमका फाटकाच्या तोंडाशी! आणि आज दुपारी रुचिराची नवी कोरी स्कूटर येणार होती. रिक्षाच्या रांगांना वैतागून तिने स्वतःच्या पगारातून घेतलेली. बुंधा निघाला नाही तर गाडी रस्त्यावर, आणि आमच्या रस्त्यावर गाडीचा आरसा सकाळपर्यंत टिकत नाही.

"सर्वेश, आतली भिंत अर्धीच रंगवलीयस. कपाटाला अजून एकच दार आहे," रुचिरा म्हणाली.

"ते वेगळं गं!"

खरं सांगू? मला एका कामाजवळ बसवतच नाही. रंगाचा ब्रश हातात घेतला की कपाट आठवतं आणि पाना हातात घेतला की चहा. पण आज नाही! मी कुदळ उचलली.

"थांब मेल्या!" बाबा ओरडले. आमचे बाबा, गुणाजी, आधी गिरणीत होते, पण मनाने अजून मालवणातच. "गाऱ्हाणा घातल्याशिवाय झाडाक हात लावूचो नाय!"

नारळ आला, हळदकुंकू आलं. बाबांचा आवाज ऐकून अख्खी चाळ आली. सगळे कोकणातलेच, 'होय' म्हणायला एका पायावर तयार!

"बा देवा म्हाराजा! ह्या झाडान आमका सावली दिल्यान. आता काढतंव, तर राग मानू नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" चाळ गरजली.

बाबांना चेव चढला. "सुनेची गाडी सुखरूप येऊंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि चाळीच्या नळाक पाणी येऊंदे रे म्हाराजा!"

हा 'होय' पार स्टेशनपर्यंत गेला असणार, कारण आठवडाभर आमचे नळ नुसतेच फुसफुसत होते. बाबा अजून मागतच होते. मला धीर धरवेना. मी कुदळ हाणली.

फुस्स्स! बुंध्याच्या मुळातून कारंजं उडालं!

"पाणी! अगो बाय, पाणी इला!" शेजारच्या सपनाकाकी तिथेच हात जोडून बसल्या. "जागृत हा गो, जागृत!"

"काकी, जमिनीखालचा महापालिकेचा मोठा पाइप फुटलाय! मी फोडला!"

"तू?" रुचिरा म्हणाली. "तुझ्याने भिंतीत खिळा जात नाही, पाइप कसा फुटेल?"

झालं! कुदळ जप्त. बादल्या, हंडे, पातेली घेऊन चाळ रांगेत उभी. कोणी बुंध्याला झेंडूचा हार घातला. बाबा तर काठी आपटत सांगायला लागले, "आता ह्येका कोणी हात लावूचो नाय!" मी ह्याला सांगतोय, त्याला सांगतोय, पाइप दाखवतोय, पण ऐकतो कोण? वाट लागली नुसती!

दुपार झाली आणि फाटकाशी हॉर्न वाजला. लाल, चकचकीत स्कूटर! मध्ये बुंधा, भोवती बादल्या. गाडी काही आत येईना. रुचिराचे डोळे भरून आले. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! "रुचिरा, उद्या नक्की..." मी सुरुवात केली.

ती माझ्याकडे न बघता पुढे गेली. बुंध्यासमोर उभी राहिली, पदर खोचला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! बुंधा राहिला तर राहू दे. गाडी रस्त्यावर राहिली तरी चालेल. पण माझ्या नवऱ्याच्या हातून या जन्मात एक तरी काम पुरं होऊ दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!!"

चाळीने इतका दणदणीत 'होय' पाण्यालासुद्धा दिला नव्हता. आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या बाबांचा होता.