पंधरा दिवसांची मैत्री

कोलासो बाईंनी माझी मैत्री संपत आल्याची लेखी सूचना मला पाठवली, तेव्हा मी त्यांच्यापासून चार हातांवर बसलो होतो.

माणिकपूरच्या आमच्या वाचनालयाला कुणीतरी दोन जुने कॉम्प्युटर भेट दिले होते. पाठीला पाठ लावून ते एकाच टेबलावर ठेवले होते. एकावर बाई बसत, दुसऱ्यावर सभासद. माझ्या पडद्यावर मजकूर उमटला: ‘सा. न. वि. वि. आपली मैत्री येत्या शुक्रवारी संपत आहे. पुढे चालू ठेवायची असल्यास तत्पूर्वी नूतनीकरण करावे. आपली, आर. कोलासो, ग्रंथपाल.’

मी मान वाकडी करून पलीकडे पाहिलं. बाई शांतपणे चष्मा पुसत होत्या.

“बाई, हे काय?”

“सूचना.”

“मैत्रीला कसली मुदत?”

“पुस्तकाला असते. मैत्री काय पुस्तकापेक्षा टिकाऊ असते?”

त्या काळात सगळं गाव मैत्रीच्या वेबसाइटवर हजर होतं. शाळेत ज्यांनी आपला डबा पळवला, तेही ‘मित्र व्हाल का?’ म्हणून विचारत होते. कोलासो बाई तिथं गेल्या त्या वाचनालयाची नियमावली घेऊनच. मैत्रीसाठी विनंती आली की उलट उत्तर जाई, ‘दोन सभासदांची शिफारस जोडावी.’ शिफारस मिळाली की पंधरा दिवसांसाठी मैत्री. मुदतीत नूतनीकरण केलं नाही, तर सोळाव्या दिवशी नाव यादीतून कमी. राग नाही, लोभ नाही. समोर भेटलात तर तीच माया, तोच चहा. फक्त तिथं तुम्ही त्यांचे कुणी नसायचात.

जूचंद्रचे म्हात्रे काका रोज पेपर वाचायला यायचे. भाच्याने त्यांनाही त्या साइटवर घातलं होतं. त्यांना सूचना आली तेव्हा ते पेपर खाली ठेवून म्हणाले, “बाय, मी हितंच बसलोय नं! तोंडानं सांगाची की!”

“तोंडी सांगितलेलं माणूस विसरतो.”

“आन लिवलेलं?”

“लिहिलेलंही विसरतो. पण मग चूक त्याची.”

काकांनी मुकाट्याने एका बोटाने नूतनीकरण टाइप केलं. मी मात्र केलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. मैत्रीला मुदत घालणं म्हणजे माणसाचा कागद करणं, असं मी बाईंना जरा मोठ्याने सुनावलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. ठरला शुक्रवार उलटला आणि मी यादीतून गेलो.

बाईंचं हे बोट सगळ्यांना सारखं होतं. कॉम्प्युटर चुकीची कळ दाबल्यावर ‘टुंग’ करायचा, तर त्यालाही त्या “श्शू!” म्हणायच्या. शेवटी त्याचा आवाजच बंद करून टाकला. माउसला पुस्तकासारखा दाखल क्रमांक चिकटवला. प्रत्येक ई-मेलवर जावक क्रमांक घातला. त्या साइटवर मित्राविषयी दोन शब्द लिहायची जागा असे. पोरं तिथं एकमेकांना ‘जिगरी’ नि ‘लाखात एक’ म्हणत. मी यादीत होतो तोवर बाईंनी माझ्याविषयी लिहिलं होतं: ‘पुस्तके वेळेवर परत करतो. कोपरे दुमडत नाही. आवाज मोठा.’ माझ्याबद्दल इतकं खरं आजवर कुणी लिहिलेलं नाही.

माझी पत्रकंही छपाईआधी त्यांच्या लाल पेन्सिलीखालून जात. आमच्या पट्ट्यातल्या केळीच्या वाड्या एकेक करून बिल्डरच्या घशात जात होत्या आणि मी त्याविरुद्ध पत्रकं लिहीत होतो. बाई मजकुराला हात लावत नसत. उद्गारचिन्हं तेवढी खोडत. म्हणत, “ओरडणाऱ्याला कुणी शेजारी बसवून घेत नाही, रे.” खोडलेलं पत्रक मग स्वतःच फलकावर टाचत. त्या जवळच्या गास गावच्या. त्यांच्या वाट्याची वाडी त्यांनी विकली नव्हती, म्हणून मला त्यांचा फार अभिमान.

आणि म्हणूनच, मुळात त्या कॉम्प्युटर शिकायला का बसल्या हे कळलं तेव्हा मी चमकलो. दोन्ही यंत्रं येऊन आठवडाही झाला नव्हता.

“यात माणूस सापडतो म्हणे,” त्या म्हणाल्या होत्या.

“कोण हवंय?”

“लुसी. माझी बहीण. कॅनडात असते.”

लुसीचं नाव गासमध्ये मी ऐकून होतो. आई गेल्यावर तिने आपल्या वाट्याची अर्धी वाडी विकली आणि ती नवऱ्याबरोबर परदेशी निघून गेली. आता तिथं चार मजली इमारत होती. बहिणी तेव्हापासून बोलत नव्हत्या.

“बाई, पण त्यांनी तर वाडी विकली!”

“वाडी विकली. बहीण थोडीच विकली?” त्या म्हणाल्या, आणि पुढे सरकून बसल्या. “दाखव, कुठं दाबायचं?”

माझं पत्रक शेजारच्याच फलकावर टाचलेलं होतं. त्याचा मथळा होता, ‘वाडी विकणारे नातं विकतात’. मी फलकाकडे पाठ केली आणि कुठं दाबायचं ते दाखवलं.

लुसी सापडली. फोटोत केस पांढरे झालेले, अंगावर जाड कोट. मागे खिडकी, खिडकीत कुंडी आणि कुंडीत केळीचं एक खुरटलेलं रोप. बाई त्या रोपाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पाणी जास्त घालतेय. आधीपासूनचीच सवय.”

विनंती गेली. उत्तर येईना. त्यात भारनियमनाचे दिवस. बाई साइट उघडून बसायच्या आणि वीज जायची. मग त्या काळ्या पडद्यासमोर तशाच बसून राहायच्या, जणू दिवे गेल्यामुळे टपालवाला दारातच अडखळलाय.

मी म्हणालो, “विनंती परत घ्या. माणसानं किती वाट बघायची?”

“मागणी नोंदवलीय. पुस्तक बाहेर असलं की वाट बघायची असते. आलं की कळवतात.”

“आणि नाहीच आलं तर?”

बाई पुस्तकावर शिक्का मारता मारता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “तारीख घातली की माणूस परत येतो. लुसी निघाली तेव्हा मी दारातसुद्धा आले नाही. कधी येशील, एवढंही विचारलं नाही. बिनतारखेची गेली ती.”

पंधरा दिवसांच्या मुदतीवर त्यानंतर मी कधी भाषण दिलं नाही. पण यादीत परत जायला अर्जही केला नाही. तत्त्व ते तत्त्व.

पावसाळा सरता सरता एका सकाळी लुसीने विनंती स्वीकारली. शब्द एकही नाही. नुसतं नाव यादीत आलं. बाईंनी पदर सारखा केला, जणू पाहुणी दारात उभी आहे. नेहमीचं ‘सा. न. वि. वि.’ टाइप केलं, पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. शेवटी एकच ओळ लिहिली, तीही घरच्या बोलीत, इंग्रजी अक्षरांत. आमची एकेक वेलांटी तपासणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं: ‘बावखलात अजून पानी हाय.’

त्यांच्या घरामागचं तळं ते. लहानपणी दोघी तिथं पाय सोडून बसत, हे त्यांनी न विचारता मला सांगितलं.

उत्तर नाही.

म्हात्रे काका आणि मी आता मनात वेगळाच हिशेब करत होतो. पंधरा दिवस भरत आले होते. नियमाप्रमाणे सूचना जायला हवी होती. बाईंनी आजवर कुणाला सूट दिली नव्हती, चर्चच्या फादरनासुद्धा नाही. सूचना गेली आणि लुसीने तीही नुसती वाचून सोडली, तर सोळाव्या दिवशी बाई स्वतःच्या हाताने तिचं नाव काढणार होत्या. त्या काढतील याबद्दल आम्हा दोघांनाही शंका नव्हती.

मुदतीच्या आदल्या दिवशी बाईंनी एकामागून एक सूचना पाठवल्या. आम्ही पेपरआडून बघत होतो. त्या लुसीच्या नावापाशी आल्या, थांबल्या आणि पुढच्या नावाकडे गेल्या.

काकांना राहवेना. “का बाय, आमाला नियम नि बहिनीला सूट?”

“सूट नाही.” बाईंनी मान वर केली नाही. “ती संदर्भ विभागात आहे.”

आमच्या वाचनालयात एक कुलपाचं कपाट आहे. जाडजूड कोश आणि जुने ग्रंथ त्यात असतात. ती पुस्तकं कुणाला घरी देत नाहीत. त्यामुळे त्यांना मुदत नसते.

काकांनी पेपरची घडी घातली, तीही कधी नव्हे ती नीट.

“पण बाई, त्यांनी अजून उत्तर दिलं नाही,” मी हळूच म्हणालो.

“काहींना वाचायला वेळ लागतो,” बाई म्हणाल्या आणि माउस सरळ करून ठेवला.

वाचनालय बंद व्हायला थोडा वेळ होता. मी पलीकडच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसलो आणि रीतसर अर्ज लिहायला घेतला. शिफारस करणारे दोन सभासद हवे होते. एक म्हात्रे काका मिळाले. दुसऱ्याच्या जागी मी भीत भीत ‘आर. कोलासो’ असं टाइप केलं.

अर्ज पाठवला. टेबलापलीकडे चष्मा वर झाला. बाईंनी मजकूर सावकाश वाचला आणि लाल पेन्सिल उचलली. पडद्यावर ती चालत नाही हे आठवून पुन्हा खाली ठेवली.

“उद्गारचिन्ह नाही एकही,” त्या म्हणाल्या. “मंजूर.”