पासकोल कर्णेकऱ्याच्या फुटल्या ओठाची बखर

श्री नादरूपिणी जगदंबा कृपावंत असो. श्रोते सावध असोत, कारण पुढील मजकूर घडला तेव्हा थोर थोर सरदारांची दातखीळ बसली. शके अठराशें त्रेपन्न, प्रजापती नाम संवत्सर, ते समयी डोंगराच्या पाठीशी एक राज्य होते. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, सबब लिहिले नाही. त्या राज्यात पितळी वाद्यांचा ब्यांड होता आणि त्याजवर एक गोरा ब्यांडमास्तर होता, आणि त्याचे हाताखाली पासकोल म्हणोन गोव्याकडील किरिस्ताव कर्णेकरी चाकरीस होता. कर्णा म्हणजे देवळातला लांब कर्णा नव्हे. तीन कळांचा विलायती, ज्यास ट्रम्पेट म्हणतात तो. पासकोल लहानपणी पाद्रीबाबाच्या छडीखाली सूर वाचावयास शिकला, आणि कागदावर जे लिहिले तेच वाजवावे, तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही, ऐसा त्याचा लौकिक होता. राज्याची एक सलामी होती. महाराज सिंहासनी बसताच पासकोलाने एकट्याने उभे राहून ती वाजवावी आणि सगळ्या दरबाराने उठोन मुजरा करावा, ऐसी चाल. त्या सलामीत कधी श्वासाचाही फरक पडला नाही, आणि त्यामुळे पासकोल कोण, काळा की गोरा, हे कोणी मान वर करून पाहिलेही नव्हते.

मग महाराजांचे चिरंजीव, ज्यांस धाकटे सरकार म्हणत, ते विलायतेहून परत आले आणि येताना पेटीभर तबकड्या घेऊन आले, आणि त्यांनी पासकोलास आपल्या दिवाणखान्यात बोलावून ग्रामोफोन सुरू केला आणि आज्ञा केली, "ऐक, आणि काय वाटलं ते खरं सांग." पासकोल उभ्याने ऐकू लागला. थोडक्याच वेळाने म्हणाला, "सरकार, हा वाजवणारा चुकतोय." आणखी थोडे ऐकोन म्हणाला, "सरकार, हा मुद्दाम चुकतोय." तबकडी संपली तेव्हा त्याचे कपाळी घाम फुटला होता आणि तो म्हणाला, "सरकार, पुन्हा लावा. चूक कुठली, तीच मला सापडत नाही." धाकटे सरकार मोठ्याने हसले आणि म्हणाले, "याला जाझ म्हणतात, पासकोल." आणि मग त्यांनी तबकडी पुन्हा लावली, आणि पुन्हा लावली, आणि पासकोल जेवावयाचे विसरला. ऐशा रीतीने त्याचे मन कागदावरून उठले.

मग धाकटे सरकार बंदराच्या शहरी हवा पालटावयास निघाले आणि पासकोलास संगे घेतले. तेथे समुद्रकाठच्या एका हॉटेलात हिरम नामे कृष्णवर्णी अमेरिकन कर्णेकरी आपल्या मंडळीनिशी वाजवीत असे, आणि गोरे लोक त्याजवर नाचत असत. धाकट्या सरकारांनी भेट घडविली. हिरमाने पासकोलाचे वाजवणे ऐकिले आणि फार तारीफ केली, आणि म्हणाला, "सुरेख. आता तेच वाजव, पण कागद मिटून ठेव, आणि कुठं संपवायचं ते मी सांगणार नाही, तूही ठरवायचं नाहीस." पासकोलाने कर्णा ओठास लाविला. छाती भरलेली, बोटे कळांवर, आणि सूर निघेना. इतकी वर्षे वाजवून आपल्याजवळ आपले म्हणावे ऐसे काहीच नाही, हे त्यास भर दुपारी चारचौघांत कळले, आणि तो असा हबकला की कर्णा मांडीवर ठेवून लेकरासारखा रडला. हिरमाने त्यास रडू दिले आणि मग म्हणाला, "आता जे रडलास, त्याला लय होती. तिथून सुरू कर." मग पासकोल तेथेच राहिला. धाकट्या सरकारांनी ब्यांडमास्तरास परभारे कळविले की कर्णेकरी आमचे कामी आहे, आणि पासकोल दिवसा शिके आणि संध्याकाळी हिरमाचे मागे उभा राहोन वाजवी. त्याची तऱ्हा बनली ती ऐसी, की ठेका पडून गेल्यावर तो किंचित उशिरा शिरे, जसा एखादा पाहुणा उंबऱ्यावर घोटाळतो, आणि मग एकदम उंच चढे, इतका उंच की काचेची झुंबरे किणकिणत, आणि तेथून हसत हसत खाली उतरे. ऐकणारे नाचता नाचता वर पाहू लागत. चढ्या सुरांचा पासकोल, ऐसे नाव जाहले.

शके अठराशें पंचावन्नी महाराजांची वर्षगाठ आली आणि धाकटे सरकार पासकोलास घेऊन राजधानीस परतले. दरबार भरला. दरबाराचे आधी धाकट्या सरकारांनी पासकोलास बाजूस घेऊन हळूच म्हटले, "आज सलामी तुझ्या पद्धतीनं वाजव. आबासाहेबांनाही कळू दे, जग कुठं चाललंय." पासकोल म्हणाला, "सरकार, ती सलामी आहे." धाकटे सरकार म्हणाले, "माझा हुकूम आहे." मग महाराज सिंहासनी बसले आणि पासकोल उभा राहिला आणि पहिले दोन सूर बरोबर वाजविले, आणि तिसरा सूर यावयाचे जागी थांबला. दरबार अर्धा उठलेला तैसाच राहिला, कोणाची कंबर वाकलेली, कोणाचा हात कपाळाशी. मग तो तिसरा सूर खालून घसरत घसरत आला, आणि हसला, आणि उलटा फिरला, आणि छताशी जाऊन नाचू लागला. काय सांगावे! भालदार चोपदारांची वासलेली तोंडे मिटेनात. एका वृद्ध मानकऱ्याचे पाऊल आपोआप ठेका धरू लागले आणि त्याने ते दुसऱ्या पायाने दाबिले. ब्यांडमास्तर पांढराफटक पडला. आणि सरदार रायाजीराव, ज्यांचा धाकटा भाऊ परमुलखीच्या युद्धात हीच सलामी वाजत असता पडला होता, ते आसन सोडून पुढे आले. त्यांचे हाती चांदीच्या मुठीची काठी होती. कोणास वाटले, मुजरा करितात. त्यांनी ती मूठ पासकोलाचे तोंडावर हाणली.

कर्णा ओठालाच होता. वरचे दोन दात कर्ण्याच्या दणक्याने आत गेले, ओठ फाटला, पांढऱ्या कोटावर रक्ताची धार लागली, आणि कर्णा फरशीवर पडला त्याचा आवाज सगळ्या दरबारात घुमला. रायाजीरावांची काठी अजून उगारलेलीच होती. ते म्हणाले, "माझा भाऊ हे ऐकत मेला रे. आणि तू त्याला नाचवतोस?" महाराज उठोन उभे राहिले आणि विचारिते जाहले, "सलामी मोडण्याचा हुकूम कोणी दिला?" पासकोलाने तोंडावरचा हात काढला आणि धाकट्या सरकारांकडे पाहिले. सगळा दरबार तिकडे पाहू लागला. धाकटे सरकार गालिच्याकडे पाहात राहिले. त्यांनी मान वर केली नाही. पासकोल पुष्कळ वेळ वाट पाहोन राहिला, आणि मग रक्त गिळून म्हणाला, "कोणी नाही, महाराज. मीच वाजवली." आजचेच दिवशी हद्द सोडावी, ऐसा निवाडा जाहला. मार खाल्ल्याचे त्यास एवढे नवल वाटले नाही, जेवढे त्या खाली घातलेल्या मानेचे वाटले. वाटेत गाडीवानास तो फुटक्या तोंडाने एकच विचारीत होता, "त्यांनी बघितलं का रे? एकदा तरी बघितलं का?"

मग तो समुद्रकाठी आपल्या गावी आला. त्याची बायको आनमारी हिने दार उघडिले आणि त्याचे तोंड पाहोन किंकाळी फोडिली. डॉक्टराने तपासून सांगितले की दात नवे बसतील, परंतु ओठाची नस गेली, वारा धरावयाची नाही, दुसरा धंदा पाहावा. पासकोल भिंतीकडे तोंड करून निजू लागला. किती दिवस गेले याची गणती त्याने ठेविली नाही. एके सकाळी आनमारी म्हणाली, "हा कर्णा डोळ्यांसमोर नको. विहिरीत टाकू?" तो म्हणाला, "टाक." ती घेऊन गेली आणि तैसीच परत आली आणि म्हणाली, "माझ्यानं टाकवेना. तुझा आहे, तूच टाक." मग तो उठला आणि विहिरीवर गेला, आणि टाकण्यापूर्वी एकदा फुंकून पाहावे म्हणोन ओठास लाविता वारा बाजूने फसकन निघोन गेला. त्याने कर्णा डाव्या कोपऱ्यात सरकविला, जेथे ओठ धड होता, आणि पुन्हा फुंकला. विहिरीतून आवाज आला तो ऐसा, की जणू कोणी घोगऱ्या गळ्याचा माणूस आत बसून बोलतो आहे. दोघेही दचकून मागे सरली. आनमारी म्हणाली, "कोण होतं ते?" पासकोल म्हणाला, "ठाऊक नाही. थांब, पुन्हा विचारतो."

त्या दिवसापासोन त्याने सारे नव्याने आरंभिले. चढा सूर गेला तो गेलाच. आता खालचे सूर, आणि त्यांत वाऱ्याची फुसफुस, आणि दोन सुरांमध्ये श्वास घ्यावयास थांबावे लागे म्हणोन मोठमोठ्या मोकळ्या जागा. आधी त्या जागांची त्यास लाज वाटे. मग त्याचे ध्यानी आले की थांबलो असता ऐकणारा पुढे झुकतो, आणि तो त्या जागा मुद्दाम ठेवू लागला. कर्ण्याचे तोंडावर नारळाची करवंटी धरी आणि ती उघडी मिटी, तेणेंकरून कर्णा माणसासारखा कण्हे, चिडवी, विनवी. मग तो आनमारीसह बंदराच्या शहरी गेला आणि एका नाचघरात सर्वांत मागे खुर्ची मिळविली. पहिल्या संध्याकाळी त्याची पाळी आली आणि तो वाजवू लागला तो नाचणारे हळूहळू थांबले. मालक धावत आला, म्हणाला, "अरे, लोक नाचायचे थांबले! धंदा बुडवतोस काय?" आणि मग त्यानेच वळून पाहिले तो कोणी घरी जात नव्हते, जो तो जेथल्या तेथे उभा होता. तोही उभा राहिला. हिरम मायदेशी निघावयाच्या बेतात होता, तो निरोप घेण्यास आला आणि दाराशीच थबकला आणि दरवानास विचारिता जाहला, "हा कोण?" दरवान म्हणाला, "तुमचाच चेला की." हिरमाने टोपी काढिली आणि म्हणाला, "यातलं मी काहीच शिकवलेलं नाही." आणि तो शेवटपर्यंत दारातच उभा राहोन ऐकत होता.

मग मोठी लढाई पेटली आणि बंदरात देशोदेशीचे खलाशी उतरू लागले आणि ते पासकोलाचे नाव आपापल्या मुलखी घेऊन गेले. गर्दी ऐसी होऊ लागली की खिडक्यांत माणसे बसत. त्याच दिवसांत एके सायंकाळी पहिल्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले, डोईस जुन्या बांधणीचा फेटा. पासकोलाने ओळखिले आणि त्याचा हात करवंटीवर थिजला. ते रायाजीराव होते. वाजवणे संपल्यावर ते मंचापाशी आले आणि त्याचे ओठाकडे पाहात म्हणाले, "माफी मागायला आलो नाही. ती सलामी तशी पुन्हा वाजवलीस तर पुन्हा मारीन." पासकोल म्हणाला, "मग कशाला आलात, सरकार?" रायाजीरावांनी डोईचा फेटा सारखा केला. मग म्हणाले, "लोक म्हणाले, हा माणूस मधेच गप्प होतो आणि त्या गप्प बसण्यात आपली माणसं ऐकू येतात. खोटं वाटलं. म्हणून आलो." आणि त्यांचे डोळे भरले, आणि त्यांनी पासकोलाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरिला, आणि सोडून, वळून न पाहता गेले. पासकोल मंचावरच बसोन राहिला. आनमारीने विचारिले तेव्हा म्हणाला, "मला वाटलं होतं, या माणसाला पाहिलं की राग येईल. आला नाही. कुठं गेला कोण जाणे." धाकटे सरकार पुढे गादीवर बसले आणि त्यांनी मानाची पालखी धाडून बोलाविले, पासकोलाने पालखीवाल्यांस जेवू घालोन रिकामे परत पाठविले.

आता शेवटला धक्का सांगतो. नाचघर तुडुंब, लांबून लांबून लोक आलेले, आणि पासकोल वाजवीत असता, ऐन रंगात, त्याने कर्णा ओठावरून काढिला. लोकांस वाटले, नेहमीची मोकळी जागा आहे. ते पुढे झुकले. पासकोलाने करवंटी खाली ठेविली, कर्णा पुसला, पेटीत ठेविला, आणि लोकांस नमस्कार करून चालू लागला. हलकल्लोळ जाहला. मालक रस्त्यापर्यंत आडवा धावला आणि म्हणाला, "तब्येत बिघडली का? काय चुकलं माझं?" पासकोल म्हणाला, "तुमचं नाही. आज पुढचा सूर कुठला येणार ते मला आधीच कळलं. त्याच्या पुढचाही कळला. शेवटपर्यंतचे सगळे दिसले." मालक म्हणाला, "अरे, मग वाजव की तेच! लोकांना कुठं ठाऊक आहेत?" पासकोल म्हणाला, "मला ठाऊक आहेत ना." त्यास पुष्कळांनी पुष्कळ समजाविले. तो ऐकेना. आठवडाभराने तो आनमारीस घेऊन गावाकडल्या बोटीवर चढला आणि सबंध वाट समुद्राकडे पाहात मुका बसला. आनमारीस वाटले, याने आता घेतले तोंड मिटून, ते मिटलेच. तिचा जीव घाबरा जाहला आणि उगाच मन रमवावे म्हणोन ती कसलेसे गाणे गुणगुणू लागली. तिला गळा नव्हता, उभ्या जन्मात कोणी तिला गा म्हटले नव्हते. गाता गाता ती एके ठिकाणी चुकली आणि सूर भलतीकडेच नेला, आणि पासकोल असा दचकला की बाकावरून उठलाच. म्हणाला, "हे कुठून आणलंस?" ती ओशाळून म्हणाली, "कुठून म्हणजे? तोंडाला आलं." तो तिच्यासमोर बोटीच्या फळ्यांवरच मांडी घालून बसला आणि म्हणाला, "पुन्हा म्हण. नको, पुन्हा नको. पुढं म्हण."

येणेप्रमाणे पासकोल कर्णेकरी याचे वर्तमान, जे कानी आले आणि जे पाहिले ते लिहिले. राज्य पुढे मोडले, सलामी वाजविणारा कोणी उरला नाही. पासकोल गावी पुष्कळ वर्षे जगला, कर्ण्यास त्याने पुन्हा हात लाविला नाही, आणि आनमारी स्वयंपाक करीत गात असता कोणी मध्ये बोलले तर तो त्याजवर डोळे वटारीत असे. लेखनसीमा.