प्लास्टर काढायचा धडा

कारभारीनं ठरवलं, आपण डॉक्टर व्हायचं. घरबसल्या.

बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी टपालाला पाच पैशांचं जादा तिकीट चिकटवावं लागायचं ते दिवस. रोज एसटीनं नगरला जाऊन शिकायचं, तर म्हशीची धार कोण काढणार? (आजवर ती धार त्याची बायको मनकर्णाच काढत होती, पण ते असो.) म्हणून पेपरातली जाहिरात बघून त्यानं मुंबईच्या कुठल्याशा संस्थेत नाव घातलं. महिन्याला एक धडा पोस्टानं येऊ लागला.

"बैलाला कुनी पोष्टानं औत शिकिवलंय का?" मनकर्णा म्हणायची.

"बैलाला वाचता येत न्हाई," कारभारी शांतपणे सांगायचा.

खोकल्याचा आणि तापाचा असे दोन धडे सुखरूप पार पडले, कारण औषधाला गावातलं कुणी फिरकलंच नाही. मग आला प्लास्टरचा धडा. सरावाशिवाय विद्या नाही, असं त्यात ठळक छापलं होतं.

सरावाला सापडला भिमाजी, मनकर्णाचा धाकटा भाऊ. आईबाप नव्हते, म्हणून त्याला बघायला मुलीचे वडील काकासाहेब दुसऱ्या दिवशी बहिणीच्याच घरी यायचे होते. पोरगा स्वभावानं इतका गरीब, की दाजींना नाही म्हणणं त्याला जमेना.

"लगीच काडनार न्हवं, दाजी?"

"आरं, सरावच हाय. वाळलं की काडायचं."

कारभारीनं गणपती करणाऱ्याकडून प्लास्टरची पिशवी आणली. भिमाजीचा उजवा हात सरळ पुढं धरून खांद्यासकट पार बोटांपर्यंत थरावर थर दिले. आत कापूस घालायचा राहिला. वाळल्यावर हात असा झाला, की रंग दिला असता तर मखरात ठेवता आला असता.

मग त्यानं पान उलटलं. खाली एकच ओळ होती: 'प्लास्टर काढण्याची कृती पुढील धड्यात.'

पाणी ओतून झालं, पान्ह्यानं ठोकून झालं. प्लास्टर ढिम्म.

दुसऱ्या दिवशी पाहुणे घोंगडीवर टेकले. भिमाजीचा ताठ हात सरळ दाराकडं रोखलेला, जणू आल्या पाहुण्याला वाट दाखवतोय. मनकर्णानं त्याला हळूच वळवलं, तर हात काकासाहेबांच्या छातीवर आला. चहा आला. डाव्या हातानं पिणं बरं दिसेना, म्हणून कारभारीनं स्वतः बशी मेहुण्याच्या ओठाला लावली.

काकासाहेबांनी विचारलं, "पोराचा हात मोडलाय व्हय?"

मोडलाय म्हणावं, तर नवरदेव अधू ठरतो. कारभारीनं खरं सांगायचं ठरवलं.

"छ्या! एकदम धड हाय."

"मग हे प्लास्टर?"

"म्या घातलंय."

"कशापायी?"

"घालता येतंय का बगाया."

काकासाहेबांनी कपबशी खाली ठेवली. "बरं. आता काडा."

"त्ये पुढल्या म्हयन्यात येनार हाय."

काकासाहेब उठले. मनकर्णाच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून पुन्हा बसले. "आसं करा, माज्यासंगं नगरला चला. माज्यासमोर हात उगडू द्या. धड निगाला तर सोयरीक, न्हाईतर राम राम."

नगरच्या दवाखान्यात शिकाऊ पोरापोरींचा वर्ग चालू होता. डॉक्टरीणबाईंनी भिमाजीला टेबलावर बसवून सगळ्यांना भोवती उभं केलं. "नीट बघून घ्या. असं पुन्हा बघायला मिळायचं नाही. कुणी घातलंय हे?"

कारभारी पुढं सरला. (त्याला वाटलं, आता नोकरीचं विचारतात.)

"कुठं शिकलात?"

"पोष्टानं."

एका पोरीनं विचारलं, "बाई, यात काय काय चुकलंय?"

"बरोबर काय आहे ते विचार. लवकर आटपेल."

करवत चालली. प्लास्टर निघालं ते हातावरचे झाडून सगळे केस घेऊन. भिमाजीच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण तोंडातून हूं नाही. हात निघाला सोललेल्या कांद्यासारखा गुळगुळीत, पण धड. काकासाहेबांनी त्याची मूठ वळवून बघितली, कोपर हलवून बघितलं आणि पाठीवर थाप मारली.

"येवडा जाच सोसला, पर दाजीला वाकडा सबूद न्हाई! माज्या पोरीला दादला आसाच पायजे. ठरलं!"

सोबत आलेल्या मनकर्णानं पदर डोळ्यांना लावला. कारभारीचाही ऊर भरून आला. म्हटलं तर सोयरीक त्याच्याच प्लास्टरनं जुळवली होती.

"मग पाव्हनं," तो म्हणाला, "लग्नाला आमी दोघं हळदीपासूनच येतो."

"ताईंनी यावं की, खुशाल यावं," काकासाहेब हात जोडून म्हणाले. "तुमी कशाला तसदी घेता? तुमी आपल्या अक्षता पोष्टानं धाडा."